थट्टेचा कोश आणि त्यातले विज्ञान

शब्दकोश सहसा कोणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. ‘द न्यू हॅकर्स डिक्शनरी’ हे पुस्तक याला अपवाद आहे. आम्ही ते सलग वाचले, ठिकठिकाणी मोठ्याने हसलो आणि काही ठिकाणी वैतागलोही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी माणसे आपसांत काय बोलतात, एकमेकांची टर कशी उडवतात आणि त्या टवाळीतूनच तांत्रिक सल्ला कसा देतात, याचे हे मोठे संकलन आहे. शाळेत संगणक शिकवणाऱ्यांनी आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांनी ते जरूर चाळावे. मात्र त्यात काय घेण्यासारखे आहे आणि काय नाही, हे आधी पाहिलेले बरे.

प्रथम ‘हॅकर’ या शब्दाविषयी. वर्तमानपत्रांतला हॅकर म्हणजे दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरणारा. कोशाला हा अर्थ मान्य नाही. यंत्रणा आतून कशी चालते हे खोदून काढण्यात ज्याला आनंद वाटतो तो हॅकर, आणि चोराला कोश ‘क्रॅकर’ म्हणतो. जगाने हा भेद मानला नाही, पण पुस्तक वाचताना तो ध्यानात ठेवावा लागतो.

कोशाची सुरुवात १९७५ साली स्टॅनफर्ड येथे झाली. रॅफेल फिंकेल यांनी भोवतालच्या बोलीतले शब्द एका फाइलीत टिपायला घेतले. पुढे एमआयटीतल्या मंडळींनी त्यात भर घातली. १९८३ मध्ये गाय स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पुस्तक केले आणि १९९१ मध्ये एरिक रेमंड यांनी संपादलेली विस्तारित आवृत्ती एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केली. तिसरी छापील आवृत्ती १९९६ ची.

कोशाचे सामर्थ्य कशात आहे ते एका गोष्टीवरून कळेल. ही गोष्ट स्टील यांनी सांगितलेली आहे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत पीडीपी-१० हा कपाटांएवढा संगणक होता. त्याच्या एका कपाटाच्या चौकटीला कोणीतरी एक लहानसा स्विच चिकटवलेला त्यांना दिसला. त्याच्या दोन स्थितींना ‘जादू’ आणि ‘अधिक जादू’ अशा अर्थाची नावे पेन्सिलीने लिहिलेली होती. स्विच ‘अधिक जादू’कडे होता. निरखून पाहता असे दिसले की स्विचला एकच तार जोडलेली आहे. आपल्या आठवी-नववीच्या मुलांनाही ठाऊक असते की परिपथ पुरा व्हायला दोन तारा लागतात. एका तारेचा स्विच म्हणजे कोणाची तरी चेष्टा, असे ठरवून त्यांनी तो फिरवला. संगणक तत्काळ बंद पडला!

हा योगायोग असेल असे मानून त्यांनी स्विच पूर्ववत केला आणि मगच संगणक पुन्हा चालू केला. वर्षभराने स्टील यांनी ही हकीगत दुसऱ्या एका सहकाऱ्याला सांगितली. त्याचा विश्वास बसेना. दोघांनी जाऊन स्विच पाहिला, तार अजून एकच होती आणि तिचे दुसरे टोक संगणकाच्या अर्थिंगच्या टोकाला गेलेले होते. फिरवला, आणि संगणक पुन्हा बंद पडला. तिथेच काम करणाऱ्या एका जुन्या जाणत्याला बोलावले. त्यानेही स्विच तपासला, निरुपयोगी ठरवला आणि पक्कडीने तोडून टाकला. त्यानंतर यंत्र विनातक्रार चालले.

कोशाच्या पुढच्या आवृत्त्यांत १९९४ साली सुचवलेले एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. स्विचचे अंग धातूचे होते. त्याचे मोकळे दिसणारे टोक आतून त्या अंगाला जोडलेले असेल, तर दुसरी तार दिसत नसली तरी होतीच, कारण अंग कपाटाला टेकलेले होते आणि कपाट स्वतंत्रपणे जमिनीशी जोडलेले असणार. संगणकाच्या परिपथाची शून्य-पातळी आणि कपाटाची शून्य-पातळी यांचे विभव एकच असेल असे नाही. स्विच फिरवताच या दोन पातळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन विभवात झटका बसला असेल आणि तेवढ्याने संगणक थांबला असेल. ‘जमीन म्हणजे शून्य विभव’ हे वाक्य आपण फळ्यावर सहज लिहितो. कोणती जमीन, कुठे मोजलेली, हा प्रश्न त्या वाक्यात दडलेला असतो. तो ही गोष्ट जितक्या चटकन उघड करते तितका आमच्या माहितीतला कोणताही धडा करीत नाही. शिवाय यात एक घटना, मग तिची पुनरावृत्ती, मग तर्क असा क्रम आपोआप येतो. आणि तर्काची कसोटी घेण्याआधीच स्विच तोडला गेला, ही हळहळही.

दोषांना ठेवलेली नावेही अशीच मासलेवाईक आहेत. प्रोग्रॅममधला जो दोष शोधू लागताच नाहीसा होतो, त्याला ‘हायझेनबग’ म्हणतात. कोश हे नाव हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वावरून आल्याचे सांगतो. भौतिकीच्या शिक्षकांनी इथे थोडे थांबावे. निरीक्षणामुळे निरीक्ष्य वस्तूत बदल होणे ही एक गोष्ट, आणि स्थान व संवेग यांच्या अनिश्चिततांचा गुणाकार एका मर्यादेखाली जाऊ न शकणे ही दुसरी. प्रोग्रॅमरांचा विनोद पहिल्या गोष्टीवर उभा आहे. नावापुरते चालेल, पण परीक्षेच्या उत्तरात चालणार नाही.

दोष मात्र अगदी खरा आहे. एखाद्या चल राशीला सुरुवातीची किंमत द्यायची राहून गेली, की तिच्या जागी स्मृतीत आधी जे काही पडलेले असेल तेच वाचले जाते. आधीच्या तासाचे लिखाण न पुसलेला फळा कोरा समजून त्यावर गणित मांडावे, तसे हे होते. दोष शोधण्याचे साधन लावले की स्मृतीची मांडणी बदलते, त्या जागी कदाचित शून्य येते आणि उत्तर बरोबर निघते. साधन काढले की पुन्हा चूक. ‘हायझेनबग’ या एका शब्दात हा सगळा अनुभव आणि ‘आधी राशींच्या प्रारंभिक किमती तपास’ हा सल्ला दोन्ही सामावतात. याहून भन्नाट ‘श्रोडिनबग’. प्रोग्रॅम वर्षानुवर्षे चालत असतो. मग एक दिवस कोणी तो वाचतो, हा मुळात चालायलाच नको होता असे त्याच्या ध्यानात येते आणि त्या क्षणापासून तो सर्वांसाठीच बंद पडतो. यात विज्ञान काही नाही, निव्वळ मौज आहे.

आता वैतागाचे. एमआयटीच्या संगणकावर काम सुरू करताना पडद्यावर ‘इतके यूजर काम करीत आहेत’ अशी सूचना येई. १९७५ च्या सुमारास कोणीतरी गंमत म्हणून ‘यूजर’च्या जागी ‘लूझर’, म्हणजे हरलेला, असा शब्द घातला. काहींना राग आला. त्यांनी तो बदलला, दुसऱ्यांनी पुन्हा घातला, आणि अखेर उच्चार तोच पण लेखन दोन्हींच्या मधले अशी तडजोड झाली. हा शब्द पुढे टिकला, आणि संगणक वापरणाऱ्या पण त्याच्या अंतरंगात न शिरलेल्या कोणाही माणसासाठी सर्रास वापरात आला. चार मित्रांच्या खोलीत ही चेष्टा होती. खोलीबाहेर गेल्यावर ती हेटाळणी झाली. कोश ही हकीगत रंगवून सांगतो, पण या बदलाची दखल घेत नाही.

‘आरटीएफएम’ हे दुसरे उदाहरण. ‘माहितीपुस्तिका वाच’ असा त्याचा अर्थ, मधले ‘एफ’ सभ्य मासिकात उलगडण्यासारखे नाही. नवख्याने प्रश्न विचारला की हे चार अक्षरी उत्तर तोंडावर फेकायचे. पुस्तिका वाचावी हा सल्ला चुकीचा नव्हेच. पण पुस्तिकेचे कोणते पान, कोणता शब्द शोधायचा, हे न कळणाऱ्यालाच तर प्रश्न पडतो. वर्गात पहिल्यांदा हात वर करणाऱ्या मुलाला ‘पाठ्यपुस्तक बघ’ म्हटले तर तो पुन्हा हात वर करील काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

रेमंड यांनीच रिक मोएन यांच्यासह २००१ मध्ये ‘प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत’ या अर्थाच्या शीर्षकाचा एक लांबलचक लेख लिहिला. त्यातला सल्ला कोणत्याही प्रयोगशाळेत लावावा इतका चांगला आहे. काय केले, काय घडेल असे वाटले, प्रत्यक्षात काय घडले, हे क्रमाने सांगा. चुकीचा संदेश जसाच्या तसा उतरवून द्या. आपले अंदाज नव्हे, लक्षणे सांगा. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो, तो हाच. परंतु लेखाचा सूर असा की उत्तर देणारा उपकार करतो आहे आणि विचारणाऱ्याने आधी आपली पात्रता सिद्ध करावी. सल्ला घ्यावा आणि सूर लेखकांकडेच ठेवावा, असे आमचे मत आहे.

कोशाच्या शेवटी ‘सरासरी हॅकर’ कसा असतो याचे एक परिशिष्ट आहे. तो काय खातो, काय नेसतो, काय वाचतो, राजकारणाकडे कसा पाहतो, सगळे त्यात आहे. हे चित्र आधीच्या मसुद्यावर सुमारे शंभर जणांनी पाठवलेल्या अभिप्रायांच्या आधारे रंगवल्याचे संपादक प्रामाणिकपणे सांगतात. पण आपल्यासारखाच माणूस शोधून त्याला ‘मी कसा दिसतो?’ असे विचारावे, तशातला हा प्रकार. स्वतःहून लिहिणारे शंभर जण म्हणजे नमुना नव्हे. संख्याशास्त्राचा हा पहिलाच धडा. अमेरिकेतल्या काही प्रयोगशाळांची बोली आणि सवयी या परिशिष्टात साऱ्या जगाच्या होऊन बसतात. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या प्रोग्रॅमरला त्यात आपला चेहरा फारसा दिसणार नाही. कोशात ‘क्लूज’ असा एक शब्द आहे: दिसायला ओबडधोबड पण काम भागवणारी युक्ती. त्याची व्युत्पत्ती आणि वर्णलेखन यांवर बराच काथ्याकूट केलेला आहे. आपल्याकडचा ‘जुगाड’ तेच काम बिनतक्रार करतो.

जुन्या मंडळींचा या आवृत्तीवर आणखी एक आक्षेप होता. रेमंड यांनी जुन्या फाइलीला आपले वळण दिले आणि बोलीत रुळलेले नसलेले शब्दही आत घेतले, असा. तो आम्हांला बऱ्याच अंशी पटतो. कोशकाराने कानाने ऐकावे, शब्द आपल्या पदरचे घालू नयेत.

कोशाचा मजकूर कोणाच्या हक्काखाली नाही, तेव्हा भाषांतराला अडचण नाही. स्विचची गोष्ट विद्युत परिपथाचा पाठ झाल्यावर सांगावी. संगणक पहिल्यांदा बंद पडतो तिथे थांबावे, फळ्यावर एका तारेचा स्विच काढावा आणि दुसरी तार कुठे असेल ते मुलांना शोधू द्यावे. तास संपला तरी उत्तर सांगू नये.