पहिल्या उड्डाणाआधीचे प्रश्न

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान उडविले, ही कथा शाळांच्या कार्यक्रमांतून अभिमानाने सांगितली जाते. २०१५ साली तिच्यावर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही निघाला. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १५०० फूट उंच, असा कथेचा सूर असतो. आम्हांला ती अपुरी वाटते. का, हे पाहण्यासाठी तिला एक साधी कसोटी लावू. एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांसह रेडिओ-नियंत्रित छोटे विमान बांधले आणि धाराशिवजवळच्या माळावर ते प्रथमच उडवायचे ठरविले, तर त्याला काय काय तपासावे लागेल?

पहिली तपासणी तोलाची. पंखाच्या पुढच्या कडेपासून, पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्के मागे, दोन्ही पंखांखाली बोटे टेकवून विमान उचलावे. नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवावी. शेपटीकडे जड असलेले विमान सुटताच नाक वर करते, वेग गमावते आणि कोसळते.

दुसरी तपासणी नियंत्रणाची. प्रोपेलर काढून ठेवावा आणि ट्रान्समीटरची कांडी उजवीकडे न्यावी. उजव्या पंखावरची झडप वर गेली पाहिजे. उलटी जोडणी जमिनीवर मिनिटभरात दुरुस्त होते. हवेत तिने विमान जाते. ट्रान्समीटर बंद करताच मोटर थांबते का, दूर चालत गेल्यावरही आज्ञा पोचतात का, हेही पाहावे.

तिसरी तपासणी हवेची. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की येथील हवा समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ होते. त्यामुळे विमान तरंगत राहण्यास लागणारा किमान वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून पहिले उड्डाण सकाळच्या थंड, शांत वेळी करावे.

आता हेच प्रश्न चौपाटीच्या कथेला विचारू. विमानाचे वजन किती होते? गुरुत्वमध्य कोठे होता? शक्ती कोठून आली? रेडिओने नौका चालवून दाखविण्याचा निकोला टेस्लाचा प्रयोग १८९८ चा. म्हणजे १८९५ च्या मानवरहित विमानाला स्वतःचा तोल स्वतःच सांभाळावा लागला असणार. तो कसा सांभाळला? कथेत यातल्या एकाचेही उत्तर नाही, आणि उड्डाणाची विश्वासार्ह समकालीन नोंदही पुढे आलेली नाही.

तशी नोंद त्या काळी अशक्य नव्हती. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवर चालणारे, सुमारे ११ किलो वजनाचे मानवरहित विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. साक्षीदार होते टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्यांनी छायाचित्रही घेतले. तळपद्यांच्या कथेला ज्याचा आधार दिला जातो त्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यात तळपद्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. विमानाचा ध्यास घेणारा माणूस आदरास पात्रच आहे. पण कथा त्यांना विजय बहाल करते आणि त्यांची मेहनत मात्र गाळून टाकते. आधी काय फसले, काय बदलले, याचा तिच्यात पत्ताच नसतो. असे ऐकून मुलांना वाटते, शोध हा एका दिवसाचा चमत्कार असतो.

शिक्षकांनी ही कथा वर्गात जरूर सांगावी, पण प्रश्नांसह. सोबत थर्माकोलचे एक ग्लायडर करावे. नाकाला चिकणमातीचा गोळा लावून दहा वेळा फेकावे, दरवेळी माती थोडी कमी-जास्त करावी आणि अंतर वहीत लिहावे. ज्या मुलांनी ती वही भरली, ती पुढे कोणत्याही उड्डाणाची कथा ऐकताना आधी वजन विचारतील.