टायर, कोहो आणि दुरुस्त झालेला एक आकडा

पेटची किंवा नेटची तयारी करणाऱ्या मुलांना मी हल्ली एक पेपर हमखास वाचायला देते. झेन्यू तियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये ऑनलाइन आलेला. सिएटलच्या ओढ्यांमधले कोहो सॅमन मासे कशाने मरतात, याचं उत्तर त्यात आहे: टायरमधल्या ६पीपीडी नावाच्या रसायनापासून तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन. बातम्यांमध्ये हा पेपर डिटेक्टिव्ह कथेसारखा आला. दोन हजारांहून जास्त संशयित, त्यातला एक गुन्हेगार. कथा खोटी नाही. पण ती इतकी गुळगुळीत आहे की पेपर खरा कुठे भक्कम आहे आणि कुठे ढिला, हेच तिच्यात दिसत नाही.

आधी थोडं मागे जाऊ. १९९० च्या दशकात सिएटल परिसरातले काही ओढे दुरुस्त करण्यात आले, म्हणजे मासे परत यावेत म्हणून पात्र, काठ सगळं नीट केलं. मासे आलेही. आणि अंडी घालायच्या आधीच मेले. पाण्याच्या पृष्ठभागावर सैरभैर पोहायचं, तोंड वासायचं, तोल जायचा आणि काही तासांत खेळ खलास. मेलेल्या माद्यांच्या पोटात बहुतेक सगळी अंडी तशीच. २००२ ते २००९ अशी आठ वर्षं लाँगफेलो नावाच्या ओढ्यावर रोज जाऊन मोजणी झाली आणि दर हंगामात ६० ते १०० टक्के मासे असे अकाली मेलेले आढळले. शहराबाहेरच्या एका ओढ्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. ऑक्सिजन, तापमान, रोगजंतू, कीटकनाशकं, धातू असं सगळं तपासून झालं. कशावरच बोट ठेवता येईना. ही मोजणी २०११ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये छापून आली. कारण सापडलं नाही, तरी तो पेपर छापला गेला, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे 'रिझल्ट नाही' म्हणून कितीतरी चांगला फील्ड डेटा कपाटात पडून राहतो.

आता पद्धत. माझ्या मते या पेपरचं खरं मोल इथे आहे. प्रदूषणावरचं आपलं बहुतेक संशोधन यादीपासून सुरू होतं. शिसं, जस्त, कॅडमियम, अमुक पीएएच. नमुना घ्या, मशीनमध्ये घाला, यादीतलं काय सापडलं ते लिहा. यांनी उलटं केलं. टायरचे कण भिजवलेलं पाणी घेतलं, त्याचे भाग पाडले आणि प्रत्येक भागात मासे सोडून पाहिले. ज्या भागात मासे मरतात तो ठेवायचा, बाकीचे बाजूला. ठेवलेल्या भागाचे पुन्हा भाग, पुन्हा मासे. इथे मासा हाच डिटेक्टर आहे आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्याच्या मागून चालतो.

शेवटी हाती आलं १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन असलेलं एक संयुग. टायरमध्ये घातल्या जाणाऱ्या रसायनांत ते नव्हतंच. कसं असेल? ६पीपीडी टायरमध्ये घालतात ते ओझोनने रबराला भेगा पडू नयेत म्हणून. ते स्वतः ओझोनशी भिडतं आणि रबर वाचतं. त्याचं सूत्र १८ कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन. दोन हायड्रोजन गेले, दोन ऑक्सिजन आले की आपला गुन्हेगार तयार. म्हणजे हे संयुग कुणी टायरमध्ये घातलेलं नाही, टायरने आपलं काम नीट केल्याने ते झालंय. यादी घेऊन बसलेल्या माणसाला ते कधीच सापडलं नसतं.

आता तक्रारी.

पहिली शीर्षकाबद्दल. त्यात या रसायनाला 'सर्वत्र आढळणारं' म्हटलंय. पेपरात नमुने कुठले? सिएटल, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातले. एका देशाचा एक किनारा. पुढे इतर देशांतही हे रसायन सापडलं, त्यामुळे शब्द खरा ठरला. पण त्या दिवशीचा पुरावा त्या शब्दाइतका मोठा नव्हता. 'नंतर खरं ठरलं' आणि 'तेव्हा सिद्ध केलं' यात फरक आहे, आणि व्हायव्हात बाहेरचा परीक्षक नेमका तिथेच पकडतो.

दुसरी तक्रार माशांच्या वयाची. ओढ्यात मरत होते ते अंडी घालायला आलेले प्रौढ मासे. प्रयोगशाळेतला मारक प्रमाणाचा आकडा लहान कोहोंवरून काढलेला आहे. लक्षणं जुळतात, म्हणून निष्कर्ष मला पटतो. तरी तो आकडा वापरताना हे सोबत सांगायला हवं, आणि पुढे उद्धृत करणारे ते सर्रास गाळतात.

आता तो आकडा. निम्मे मासे ज्या प्रमाणाला मरतात ती एलसी-५० या पेपरात लिटरला सुमारे ०.८ मायक्रोग्रॅम दिली होती. तेव्हा शुद्ध ६पीपीडी-क्विनोन बाजारात मिळतच नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते स्वतः बनवून त्यावर मोजमाप केलं. पुढे व्यावसायिक स्टँडर्ड आलं, त्याच गटाने पुन्हा मोजलं आणि २०२२ मध्ये सुधारित आकडा छापला: ०.०९५ मायक्रोग्रॅम. म्हणजे जवळपास आठपट जास्त विषारी.

इथे घाई करू नका. मोजपट्टीच चुकीची असेल तर त्याच पट्टीने मोजलेलं ओढ्याचं पाणीही चुकलं. जुने नमुनेसुद्धा खाली येणार. तेव्हा ओढ्यातलं २०२० चं प्रमाण आणि २०२२ ची एलसी-५० शेजारी ठेवून 'ओढा मारक पातळीच्या इतका पट वर' असं लिहिणं साफ चूक आहे. सेमिनारमध्ये अशी स्लाइड दिसली की मला हात वर केल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही बाजू एकाच पट्टीने मोजलेल्या असल्या तरच भागाकार करायचा. मूळ निष्कर्ष टिकतो तोही याच कारणाने.

प्रजातीचा मुद्दा मात्र आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. २०२१ मध्ये जपानमधल्या गटाने झेब्राफिश आणि मेडाका यांच्यावर हेच रसायन वापरलं, मासे मेले नाहीत. झेब्राफिश म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांचा लाडका मासा. सिएटलवाल्यांनी सोयीचा म्हणून तोच घेतला असता तर टायरचं पाणी निर्दोष सुटलं असतं. त्याच ओढ्यांतल्या चम सॅमनलाही रस्त्यावरच्या पाण्याने काही होत नाही, आणि तो तर कोहोचा भाऊबंद.

म्हणूनच 'मुळा-मुठेतील ६पीपीडी-क्विनोनचे मापन' अशी सिनॉप्सिस कुणी दाखवली की मी विचारते, कुणासाठी? आपल्या नद्यांत कोहो नाही. पहिल्या पावसात रस्ते धुऊन जे पाणी नाल्यात उतरतं त्यात हे सापडेलही, पण सापडलं एवढ्याने प्रश्न सुटत नाही, सुरूही होत नाही. आपल्या पाण्यातला कुठला जीव पहिल्या पावसानंतर दिसेनासा होतो, याची लाँगफेलोसारखी रोजची मोजणी आधी लागेल. ती कंटाळवाणी आहे, तिला वर्षं लागतात, आणि तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये ती बसवणं अवघड आहे, हे मलाही कळतं. पण मग निदान मर्यादा सिनॉप्सिसमध्येच लिहा.

अजून एक. २०१६ मध्ये, म्हणजे गुन्हेगाराचं नाव कळायच्या चार वर्षं आधी, याच परिसरातल्या संशोधकांनी रस्त्यावरचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या मिश्रणातून गाळून प्रौढ कोहोंना दिलं, आणि मासे जगले. उपाय आधी, कारण नंतर. वाचायचं असेल तर चार पेपर याच क्रमाने वाचा: २०११, २०१६, २०२०, २०२२. शेवटच्याची पुरवणी माहिती सोडू नका. स्टँडर्डचा सगळा घोळ तिथे आहे.