ऑप्शनला मालक हवा

सेटिंगच्या यामल फाइलमध्ये ‘टाइमआउट’चं स्पेलिंग चुकवून पाहा. आजकालचे बरेच प्रोग्राम हूं की चूं न करता सुरू होतात, चुकलेली ओळ गिळतात आणि डिफॉल्टवर धावत राहतात. वर या ढिलाईला ‘एक्स्टेन्सिबल डिझाइन’ म्हणून मिरवलं जातं. हा लेख त्या चिडीतून लिहितो आहे.

ऑप्शन वाचण्याच्या पद्धती अनेक आहेत. कमांड लाइन वाचणाऱ्या जुन्या गेटऑप्टचा इतिहास पुन्हा उगाळत नाही. नवा मॉड्यूल आला की मेन फाइलमधला स्विच वाढवावा लागतो, एवढ्यावरच त्या पद्धतीचा निकाल लागतो. पायथनचं आर्गपार्स नीटनेटकं आहे, सबकमांडपुरतं पुरतं. पायथनचीच क्लिक लायब्ररी देखणी आहे. देखणेपणापलीकडे मला तिच्यात काही सापडत नाही.

जीसीसी कंपायलरपाशी मात्र थांबायला हवं, आणि महाराष्ट्रात तर नक्कीच. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर आणि तिथल्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं या अवाढव्य कंपायलरची अंतर्रचना शिकवण्याचं मोठं काम केलं. त्याच अंतर्रचनेत ‘डॉट ऑप्ट’ फाइली आहेत. एका नोंदीत ऑप्शनचं नाव, गुणधर्म आणि मदतीचा मजकूर लिहायचा. ऑक स्क्रिप्ट त्यातून कोड तयार करतात. पण हे दार बिल्डच्या वेळीच बंद होतं. 2010 मध्ये 4.5 आवृत्तीत प्लगइन आले, तेव्हा त्यांच्या हाती पडल्या कच्च्या स्ट्रिंग. त्यांचा प्रकार, मर्यादा, डिफॉल्ट हे सगळं प्लगइननं स्वतःच निस्तरायचं.

ही उणीव पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दिसत नाही. पुण्यातले कितीतरी जण ज्याच्या गाभ्यावर काम करतात, त्या पोस्टग्रेसच्या सेटिंग-व्यवस्थेची आपल्याकडे पुरेशी चर्चाच होत नाही. तिथे एक्स्टेन्शन लोड होताना आपला ऑप्शन स्वतः नोंदवतं: नाव, प्रकार, वर्णन, मूळ किंमत, आकडा असेल तर किमान-कमाल, तो कधी आणि कुणाला बदलता येईल, आणि नवी किंमत तपासणारं फंक्शन. गाभ्याला एक्स्टेन्शनबद्दल काहीही आधी माहीत असावं लागत नाही. पूर्वी एक्स्टेन्शनच्या ऑप्शनांच्या नावाआधी लागणाऱ्या उपसर्गांची यादी मध्यवर्ती फाइलमध्ये द्यावी लागे. 2012 च्या 9.2 मध्ये तीही गेली. एक्स्टेन्शन येण्याआधीच किंमत लिहिली असेल तर ती तात्पुरती जपून ठेवली जाते आणि मालक आल्यावर तपासली जाते. 15 व्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शननं आपला उपसर्ग राखून ठेवला की त्याखालचं अनोळखी नाव सरळ नाकारलं जातं. शिवाय ‘पीजी सेटिंग्ज’ला विचारलं की चालू किंमत कुठून आली ते कळतं, फाइलमधून आली असेल तर फाइल आणि ओळ क्रमांकासकट.

मळवलीला उतरून कार्ल्याचं चैत्यगृह पाहिलेल्यांना ही रचना परकी वाटणार नाही. दालनाचा आराखडा एक. अनेक खांब वेगवेगळ्या दात्यांचे, त्यांत धेनुकाकटचे यवनही, आणि दात्याचं नाव खांबावरच कोरलेलं.

लिनक्स कर्नलमधले मॉड्यूल पॅरामीटर पोस्टग्रेसच्या रचनेच्याच घराण्यातले. एलएलव्हीएम ही कंपायलर-प्रणालीही ऑप्शन ज्याच्या-त्याच्या फाइलमध्ये ठेवते, पण उपसर्गाची सक्ती करत नाही. म्हणून एकच नाव दोनदा नोंदलं गेलं की अख्खा प्रोग्राम सुरू होतानाच कोसळतो. मालकी दिली, हद्द आखली नाही, त्याचं हे फळ.

‘एवढी नोंदणी म्हणजे लहान टीमवर ओझं,’ असा युक्तिवाद नेहमी येतो. मला तो मुळीच मान्य नाही. नोंदणीला दहा ओळी लागतात. त्या वाचवल्या की ते ओझं रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या माथी जातं, आणि चुकलेलं एक अक्षर शोधण्यात त्याची रात्र जाते. आपली सोय दुसऱ्याच्या झोपेतून काढणं हा अभियांत्रिकीतला अप्रामाणिकपणा आहे.

प्रत्येक ऑप्शनला पाच प्रश्न विचारा. मालक कोण? प्रकार कोणता? मर्यादा काय? कधी बदलता येतो? आत्ताची किंमत कुणी ठेवली? ज्या व्यवस्थेला याची उत्तरं देता येत नाहीत, तिच्यात कितीही ऑप्शन घालता येत असले तरी ती विस्तारक्षम नाही, ती बेवारस आहे. म्हणून कोड रिव्ह्यूला बसणाऱ्यांनी एवढं करावं: मालकाविना आलेला ऑप्शन परत पाठवावा, मग तो कितीही ज्येष्ठ माणसानं लिहिलेला असो.