'मातृभूमि' आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या इतिहासलेखनाची कसोटी

एखाद्या नगरातील दीर्घायुषी वृत्तपत्राचा इतिहास लिहावयाचा म्हटले की तो बहुधा संस्थापकाच्या चरित्राचे रूप घेतो. संस्थापकाचा त्याग, त्याचा कारावास आणि पत्राच्या वर्धापनाचे समारंभ एवढ्यावर लेखन संपते. पत्र मात्र अवाचित राहते. वऱ्हाडातील वृत्तपत्रांविषयीचे बरेचसे लेखन याच पद्धतीचे आहे. अकोल्याच्या 'मातृभूमि' पत्राच्या निमित्ताने या पद्धतीचे परीक्षण करणे उपयुक्त ठरेल.

'मातृभूमि'ची स्थापना 1931 साली ब्रिजलाल बियाणी यांनी केली. अकोल्याला वृत्तपत्राची परंपरा त्यापूर्वीच होती. 'वऱ्हाड समाचार' तेथूनच निघत असे. कापसाचा व्यापार, आगगाडी आणि इंग्रजी अंमलातील कचेऱ्या यांमुळे अमरावती व अकोला या दोन नगरांत वाचणारा वर्ग निर्माण झाला होता. अमरावतीस पंजाबराव देशमुखांनी 'महाराष्ट्र केसरी' चालविला, तोही याच भूमीत. तेव्हा 'मातृभूमि'चे श्रेय एका व्यक्तीच्या कर्तृत्वाला देऊन थांबणे म्हणजे बीजाचे वर्णन करून जमिनीचा विसर पाडणे होय.

बियाणी हे राष्ट्रीय चळवळीतील अग्रणी होते, हे निर्विवाद. परंतु वृत्तपत्राची खरी परीक्षा परकीय सत्तेविरुद्ध लिहिताना होते, त्याहून अधिक ती स्वकीयांत मतभेद असताना होते. अशी वेळ विदर्भाच्या प्रश्नाने आणली. 1947 च्या ऑगस्टमध्ये अकोल्यातच जो करार झाला, त्यात संयुक्त महाराष्ट्रांतर्गत विदर्भास स्वतंत्र स्थान देण्याची कल्पना होती. पुढे बियाणी स्वतंत्र महाविदर्भाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले. 1952 नंतर ते मध्यप्रदेशाच्या मंत्रिमंडळातही होते. 1955 मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचविले, तरी 1 नोव्हेंबर 1956 रोजी हे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आले. ज्या पत्राचा संस्थापकच या वादात पक्षकार, त्या पत्राने प्रतिपक्षाला किती जागा दिली, हा इतिहासकाराचा पहिला प्रश्न असावयास हवा. गौरवग्रंथांच्या धर्तीवरील लेखनात नेमका तोच विचारला जात नाही.

हा प्रश्न एका पत्राच्या फायली चाळून सुटणार नाही. त्याच काळात नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर संयुक्त महाराष्ट्राचे समर्थक होते. 1946 च्या बेळगाव साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते आणि त्याच संमेलनात एकीकरणाचा ठराव संमत झाला. एकाच प्रदेशातील दोन पत्रे, एकच भाषा, पण दोन भिन्न निष्कर्ष. एकाच सभेचे वृत्त दोहोंत शेजारी ठेवून वाचले, तर मथळ्याची निवड, वक्त्यांचा क्रम आणि काय गाळले यांवरून प्रत्येकाची प्रामाणिकता मापता येईल. केवळ अग्रलेखांचे संकलन ते काम करू शकत नाही; अग्रलेखात मत उघड असते, वृत्तात ते झाकलेले असते.

याखेरीज दुर्लक्षित राहते ते पत्राचे मूक अंग: कापसाचे भाव, न्यायालयाच्या जाहीर नोटिसा, गावोगावच्या वार्ताहरांची दोन ओळींची पत्रे. ग्राहक वर्गणी भरतो तो पुष्कळदा यांसाठीच. जिल्ह्याच्या पत्राला दीर्घायुष्य कसे लाभते, याचा उलगडा ध्येयवादाबरोबर या स्तंभांतही शोधला पाहिजे. ते वगळल्यास पत्र कोणी लिहिले हे कळेल; ते कोणी व कशासाठी वाचले हे कळणार नाही.

संस्थापकाविषयी आदर बाळगणे आणि त्याच्या पत्राची चिकित्सा करणे यांत विरोध नाही. विरोध आहे तो आदराला पुराव्याचे स्थान देण्यात. वर्तमानपत्राचा कागद अल्पायुषी असतो; जुने अंक नाहीसे झाल्यावर मागे फक्त स्तुती उरेल, आणि स्तुतीची तपासणी करण्याचे साधन मात्र कोणाच्याच हाती राहणार नाही. म्हणून वऱ्हाडातील जुन्या अंकांचे जतन आणि त्यांची परस्परांशी तुलना, हेच या विषयातील पहिले संशोधन होय. चरित्र त्यानंतर लिहिता येईल.