'ऑफ मॉथ्स अँड मेन' : संशय आणि पुरावा यांतील अंतर

जुडिथ हूपर यांचा 'ऑफ मॉथ्स अँड मेन' हा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. नैसर्गिक निवडीचे सर्वपरिचित उदाहरण ठरलेल्या इंग्लंडमधील ठिपकेदार पतंगावरील संशोधनाची उलटतपासणी हा त्याचा विषय होय. बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ साली बर्मिंगहॅमजवळील काजळलेल्या वनात खुणा केलेले पतंग सोडले. त्यांपैकी २७.५ टक्के काळे, तर १३ टक्केच फिकट पतंग पुन्हा हाती आले. १९५५ साली डॉर्सेटच्या स्वच्छ वनात हे चित्र उलटले. पक्षी उठून दिसणारे पतंग टिपतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पतंग दिवसा, दाटीने व खोडांवर सोडले गेले, हा आक्षेप रास्त आहे. तथापि ग्रंथकर्ती तेथे थांबत नाहीत. आकड्यांत फेरफार झाल्याचे त्या सूचित करतात. हे सूचन सिद्धतेपर्यंत पोहोचत नाही.

ग्रंथाची खरी उणीव तार्किक आहे. येथे प्रश्न तीन आहेत : बदल घडला काय, तो आनुवंशिक आहे काय आणि त्याचे कारण कोणते? केटलवेल यांचे प्रयोग केवळ तिसऱ्या प्रश्नाशी निगडित आहेत. मँचेस्टरमध्ये १८४८ साली काळ्या पतंगाची नोंद झाली. १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर ओसरला, तसे काळे पतंगही घटले. हा पुरावा केटलवेल यांच्यावर अवलंबून नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही पुढे मिळाले. मायकेल मॅजेरस यांनी केंब्रिज येथे २००१ ते २००७ या काळात ४,८६४ पतंगांवर सुधारित पद्धतीने प्रयोग केला. त्यांच्या निधनानंतर, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी पक्ष्यांच्या भक्षणाला दुजोरा दिला. २०१६ साली काळ्या रंगामागील जनुकीय बदलही निश्चित झाला.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अशा काळात हे उदाहरण वादग्रस्त म्हणून टाळणे अध्यापकांना परवडणारे नाही. आक्षेप आणि फेरतपासणी यांसह ते शिकवावे. हूपर यांचा ग्रंथ त्यासाठी वाचनीय आहे. मात्र प्रयोगातील दोष म्हणजे सिद्धान्ताचे खंडन नव्हे, हे भान ठेवूनच.