जीवनकौशल्यांचे मूल्यमापन : काही आक्षेप

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पदवीस्तरासाठी ‘जीवन कौशल’ हा अभ्यासक्रम दिला. संवाद, व्यावसायिक कौशल्ये, नेतृत्व व व्यवस्थापन आणि वैश्विक मानवी मूल्ये, असे प्रत्येकी २ श्रेयांकांचे चार विषय. निवड योग्यच आहे. प्रश्न गुणदानाचा आहे.

‘गटचर्चेचे नियम’ यावर टीप लिहिणारा विद्यार्थी चर्चेत तोंड उघडेलच असे नाही. लेखी परीक्षा सोयीची खरी, पण ती कौशल्याची नव्हे, कौशल्याविषयीच्या माहितीची परीक्षा ठरते. मुलाखतीचा सराव सत्रारंभी व सत्राअखेर, त्याच निकषांवर घेतला तर प्रगती दिसेल. मात्र ६० विद्यार्थ्यांना प्रत्येकी १० मिनिटे म्हणजे एका फेरीला १० तास. दोन फेऱ्यांत २० तास गेले, तर २ श्रेयांकांच्या ३० तासांतून शिकवण्यास १० तासच उरतात. सहा-सहांचे गट करून एकमेकांचे निरीक्षण नोंदवून घेणे हा त्यातला व्यवहार्य मार्ग.

भाषेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. बेळगावात घरी दख्खनी, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या मुलीचे संवादकौशल्य केवळ इंग्रजीच्या सफाईवर जोखले, तर तिची खरी क्षमता गुणपत्रिकेत येतच नाही. करुणा व सत्य यांना गुण देण्याचा खटाटोप तर सोडलेलाच बरा. तेथे उत्तीर्णतेची नोंद पुरे.