जनुकाचा ‘पाठ’ आणि रायबोसोमची बांधणी

जीवशास्त्राने आपली परिभाषा घडविताना भाषाविचाराचे ऋण मोकळ्या मनाने घेतले आहे. जनुकाची प्रत उतरणे म्हणजे ‘प्रतिलेखन’, त्या प्रतीवरून प्रथिन घडणे म्हणजे ‘भाषांतर’ आणि उत्परिवर्तन म्हणजे पाठातील मुद्रणदोष. हे रूपक सुबोध खरे. तथापि मानवी तंतुकणिकेतील रायबोसोमच्या बांधणीचा विचार येताच त्याची मर्यादा उघड होते.

तंतुकणिकेच्या डीएनएचा संपूर्ण क्रम १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३७ जनुकांपैकी प्रथिनांची केवळ १३. उरलेल्या २४ जनुकांचे प्रतिलेखन होते, भाषांतर कधीच होत नाही. त्यांपैकी दोन जनुकांचे आरएनए, १२एस व १६एस, हे रायबोसोमचे, म्हणजे भाषांतर करणाऱ्या यंत्राचेच, अवयव होत. त्यांना जोडली जाणारी सुमारे ८० प्रथिने मात्र केंद्रकातील जनुकांनुसार पेशीद्रवात घडून आत येतात. दोन्हींचा मेळ जमला तरच रायबोसोम उभा राहतो.

२००४ मध्ये नोंदलेले एमआरपीएस१६ या केंद्रकीय जनुकाचे उदाहरण बोलके आहे. उत्परिवर्तनामुळे त्यात अकाली विरामसंकेत निर्माण झाला. शरीरात लॅक्टिक आम्ल साचून नवजात अर्भक दगावले. त्याच्या पेशींत १२एस आरएनएही फार घटलेला आढळला. प्रथिनाचा आधार नाहीसा झाल्याने तो बहुधा टिकू शकला नाही. दोष केंद्रकाच्या पाठात, उणीव तंतुकणिकेच्या आरएनएत! २०१३ मध्ये नोंदलेल्या एमआरपीएल४४च्या दोषात मोठ्या उपघटकाची बांधणी ढासळली, १६एस घटला आणि हृदयस्नायूस विकार जडला.

‘मुद्रणदोष’ या शब्दाने ही परस्परावलंबी रचना झाकली जाते. परिणाम केवळ शाब्दिक नाही. तंतुकणिकेचा डीएनए मातेकडून येतो. म्हणून तिचा प्रत्येक विकार मातेचाच वारसा, असा समज सहज होतो. वरील दोन्ही दोष मात्र माता व पिता या उभयतांकडून आलेले असतात.

घटकाचे मूल्य व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत येथे अधिक उपयुक्त ठरावा. व्हॅलिन वाहून आणणारा आरएनए मानवी रायबोसोमच्या मोठ्या उपघटकात रचनेचा घटक म्हणून बसलेला २०१४ मध्ये दिसून आला. रेणू तोच, स्थानभेदाने कार्य निराळे. भाषेकडून रूपक घ्यावयाचेच, तर ते शब्दकोशातून न घेता व्याकरणातून घेणे इष्ट.